तापत ठेवलेला दगड

सर आमच्या शाळेत रुजू झाले त्या आठवड्यात मी माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर एक यादी सुरू केली. वर लिहिलं, 'सरांच्या तासाला काय होऊ शकतं'. पहिल्या दिवशी तीन ओळी होत्या: भाजणे, काच लागणे, डोळ्यात जाणे. दिवाळीपर्यंत पान भरलं. ती यादी मी कोणाला दाखवली नाही. पण त्यांचा तास असला की माझी आवराआवर व्हरांड्यात, त्यांच्या वर्गाच्या दारापाशीच चालायची आणि पाण्याने भरलेली बादली हाताशी असायची.

मी प्रयोगशाळा सहायक. नगरकडच्या कर्जत तालुक्यातल्या या माध्यमिक शाळेत मला अठरा वर्षं झाली. कपाटं तीन आणि साहित्याची नोंदवही एक. शाळेत आलेल्या प्रत्येक वस्तूला मी नंबर देते आणि तो पांढऱ्या ऑइल पेंटनं स्वतःच्या हातानं टाकते. वस्तू बाहेर गेली तर सही, आत आली तर सही. घरी माझ्या मसाल्याच्या डब्यांवरही चिठ्ठ्या आहेत. माझा स्वभावच तसा आहे आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही.

सर भूगोल आणि विज्ञान शिकवायचे. उंच, थोडे पोक काढून चालणारे. शर्टाचे आणि पँटचे खिसे कायम दगडांनी लोंबलेले, दर दोन महिन्यांनी उसवणारे. दगड हातात आला की आधी जिभेला लावायचे. "चिकटला, म्हणजे यात माती आहे, बाई," असं म्हणून तो मलाही चाखायला द्यायचे. मी घेतला नाही कधी. मुलं मात्र घ्यायची आणि माझ्या यादीत 'जंत' ही ओळ वाढायची.

नोंदवहीवर त्यांनी एकदाही सही केली नाही. कपाट उघडं दिसलं की हवं ते उचलून न्यायचे. मी मागे धावले की म्हणायचे, "कपाटातली पृथ्वी मेलेली असते, बाई. तिला जरा वारा लागू द्या."

एकदा शाळेला भूगोल-खगोलाच्या साहित्याची मोठी पेटी आली. प्लॅस्टिकचा पृथ्वीगोल, तारेवर फिरणारी सूर्यमाला, ज्वालामुखीचा रंगीत छेद. मी हौसेनं नंबर टाकत होते. सरांनी सूर्यमाला हातात घेतली, चावी देऊन फिरवली आणि परत ठेवली.

"हे खोटं आहे. यात सूर्य आणि पृथ्वी म्हणजे मोसंबी आणि चिकू. पोरांना खोटं दाखवायचं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून परात आणली आणि शाळेच्या फाटकाला तारेनं बांधली. हा सूर्य. पृथ्वी म्हणजे ज्वारीचा एक दाणा, तो पाटीवर डिंकानं चिकटवून एका मुलीच्या हातात दिला आणि तिला सत्तर पावलांवर लिंबाखाली उभं केलं. गुरू म्हणजे लिंबू, तो पार पाण्याच्या टाकीपाशी. नेपच्यून म्हणजे बोर, ते घेऊन दोन मुली दीड किलोमीटरवरच्या पोल्ट्रीकडे चालत गेल्या. धडा रंगला. मध्येच कोणाची तरी कोंबडी आली आणि तिनं पृथ्वी खाल्ली, त्यावर सर आणि मुलं इतकी हसली की तास संपल्याचं कोणाला कळलं नाही. मधल्या सुट्टीनंतर मी वर्गात डोकी मोजली. अडतीसच्या जागी छत्तीस.

"सर, दोन मुली कमी आहेत."

त्यांनी क्षणभर विचार केला. "नेपच्यून."

मी स्कूटी काढली. डांबरी रस्ता, उसाचे ट्रॅक्टर सुसाट जात होते आणि दोन पोरी रस्त्याच्या कडेला बोर हातात धरून उभ्या होत्या. सरांनी बोलावलं नाही तर यायचं कसं, हा त्यांचा प्रश्न. दोघींना मागे बसवून मी शाळेत आले. सर म्हणाले, "बाई, नेपच्यूनहून यायला वेळ लागतोच."

भीती नावाची गोष्ट त्यांना ठाऊकच नव्हती. शेजारच्या गुऱ्हाळातून उकळत्या पाकाची कढई ते दोन गड्यांकडून वर्गात आणवायचे. पाक निवताना वर साय धरते, तिला सुरकुत्या पडतात, तेच डोंगर. मुलं कढईवर ओणवी होऊन हिमालय बघायची आणि मी दारात मनातल्या मनात एकेकाला मागे ओढत असायचे. मी म्हटलं, "सर, एखादं पोर आत पडेल." ते म्हणाले, "बाई, पोरं बघतायत. बघणारं पोर पडत नाही."

मुलांची नावं त्यांना आठवत नसत. लक्षात राहायच्या त्या त्यांच्या विहिरी. आमच्याकडे विहिरीची खोली परसात मोजतात. एक परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. वर्गात पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाला विचारलं होतं, तुमची विहीर किती परस, वरून खाली काय काय लागलं? तेव्हापासून मुलांची हीच नावं पडली. "ए आठ परस, फळा पूस." "गेरूवाली कुठाय आज?" मुलांना ते आवडायचं. आईबापांनाही. एका पालकानं तर मला सांगितलं, "आमची हीर सरांना माझ्यापरीस जास्त म्हाईती हाय."

आणि ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले, तीही विहिरीपासूनच सुरू झाली.

शाळेच्या मागच्या रानात नवी विहीर चालू होती. तिथे यारी उभी होती. खालचा दगड-मुरूम टोपल्यानं वर काढायचं हे लोखंडी यंत्र, त्याची घरघर दिवसभर शाळेत ऐकू यायची. दिवसातून एकदा सुरुंग उडायचे आणि खिडक्यांची तावदानं थरथरायची. सरांनी नववीला खडक शिकवायला घेतले होते. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, त्यात वायूचे बुडबुडे अडकून भोकं पडतात. "भोकं असलेले दगड आणा," त्यांनी सांगितलं. "जितकं भोक मोठं तितकं चांगलं."

मुलांना दगड शोधायला लांब जायला नको होतं. विहिरीचा ढिगारा समोर होता. दोन दिवसांत बासष्ट दगड जमले. मी सगळे धुतले, पुसले, नंबर टाकले.

एक्केचाळीस नंबर मला नीट आठवतो. नारळाएवढा, काळाभोर. एका अंगाला अंगठा जाईल असं गोल, सरळ भोक. आत माती घट्ट बसलेली आणि मातीतून बाहेर आलेलं लाल-पिवळ्या वायरचं बोटभर टोक. मी नगर शहरात वाढलेली. विहीर खोदताना मी कधी जवळून पाहिलेली नाही. मला वाटलं, मुलांनी दगड ओढत आणायला वायर खुपसली असेल. दिसायला ते गबाळं दिसत होतं. मी कात्री घेतली आणि वायर मातीलगत कापून टाकली. नोंदवहीत शेरा लिहिला: 'छिद्र मोठे. स्वच्छ केले.'

त्या शुक्रवारी शेवटच्या तासाला सरांनी दगड मुलांना वाटून टाकले. एकेक, घरी न्यायला. सही नाही, कोणता नंबर कोणाला याची नोंद नाही. वर गृहपाठ दिला: संध्याकाळी भाकरी होताना दगड चुलीत ठेवा, चांगला तापू द्या, मग चिमट्यानं काढून गार पाण्यात टाका. तडकला तर का तडकला, नाही तडकला तर का नाही, लिहून आणा. उन्हानं आणि पावसानं डोंगर कसे फुटतात ते असं घरी दिसतं म्हणे.

मी दारातून म्हटलं, "सर, मोठी माणसं जवळ असताना करायला सांगा. भाजेल कोणीतरी."

"बाई सांगतात ते ऐका," सर मुलांना म्हणाले. "आजीला जवळ बसवा."

शाळा सुटली. मी रिकामं खोकं आणि उरलेले चोवीस दगड मोजून कपाटात ठेवत होते, तेव्हा विहिरीचा मुकादम व्हरांड्यात आला. पन्नाशीचा माणूस, डोक्याला मफलर. चपला बाहेर काढून दारातच उभा राहिला.

"मॅडम, ढिगाऱ्यावरचे दगड तुमच्या पोरांनी नेलेत काय?"

"नेलेत. बासष्ट."

तो चौकट धरून खाली बसला. "काल नऊ भोकं भरली हुती. मी आवाज आठ मोजले. गडी म्हनला, दोन संगं उडाले आसतील. आज खाली उतरून बघतो तर एका भोकाचं बूड जाग्यावर न्हाई. सुरुंग तसाच ऱ्हायलाय आन तुकडा यारीनं वर आलाय, मॅडम. कालच ढिगाऱ्यात टाकलाय आमी. आत जिलेटिनची निम्मी कांडी आसंल, आन ती पेटवायची केप."

सर टेबलापाशी होते. "कसा ओळखायचा?"

"भोक सरळ आसतंय, मशीनचं. वर मातीनं बुजवलेलं. आन वायर आसंल, लाल-पिवळी."

मी म्हणाले, "होती. मी कापली."

मुकादम माझ्याकडे बघतच राहिला. सरांनी माझा उजवा हात उचलला, तळवा वर केला, परत खाली केला, आणि सोडून दिला.

मी कपाट उघडून चोवीस दगड जमिनीवर ओतले. एक्केचाळीस त्यात नव्हता.

"घाबरू नका लई," मुकादम म्हणाला. "नुसता पडून ऱ्हायला तर काय होत न्हाई. निस्ता इस्तवाजवळ न्यायचा न्हाई म्हंजे झालं."

सरांचा चेहरा तेव्हा कसा झाला, ते मला नीट सांगता येणार नाही. माणूस उभा असतो आणि आतून बसलेला असतो, तसा.

घड्याळात साडेपाच वाजले होते. थंडीचे दिवस. सहाला अंधारून येतं आणि वस्तीवस्तीवर चुली पेटतात. मी यादी काढली. नववी, अडतीस मुलं, प्रत्येकासमोर घरचा फोन नंबर. मुकादमाला पोलिसांना फोन लावायला बसवलं, पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, 'शाळेतून आणलेला दगड चुलीत घालू नका, हात लावू नका, घराबाहेर पडा', आणि मी व सरांनी फोन लावायला सुरुवात केली. एकेकाचं उत्तर आलं की मी बरोबरची खूण करत होते. "कशाचा दगड?" "आमच्यात गॅस हाय, मॅडम." "पोरगी अजून पोचली न्हाई." "नंबर बघा, नंबर किती आहे?" "सात." "ठीक. पुढे."

पाऊण तास गेला. एकतीस खुणा झाल्या. सात घरांत फोन लागत नव्हता. सात घरं सात दिशांना.

"सर, एक्केचाळीस कोणाला दिला?"

"नाव आठवत नाही, बाई."

"आठवा."

ते वर्गात गेले. मी मागे गेले. रिकाम्या बाकांमधून ते डोळे मिटून चालायला लागले आणि प्रत्येक बाकावर हात ठेवून पुटपुटायला लागले. "आठ परस, मुरूम. हिला गेरूचा दिला. बारा परस, तळाला पाषाण. ह्याला भुसभुशीत दिला, पाषाण यानं रोज पाहिलाय..." मला ओरडावंसं वाटत होतं. खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर त्यांचा हात थांबला.

"सहा परस. सीनेच्या काठची. यांचं पाणी मातीतच लागतं, विहिरीला खडकच नाही. हिनं काळा पाषाण कधी पाहिलेला नाही." त्यांनी डोळे उघडले. "म्हणून मी हिला सगळ्यात सुंदर भोकाचा दिला. बघताना मला वाटलं होतं, किती सरळ भोक आहे."

त्या बाकावर शीतल बसते. वडिलांचा फोन बंद.

पाच किलोमीटर. सर माझ्या मागे स्कूटीवर बसले. शेवटचा दीड किलोमीटर कच्चा रस्ता, दोन्हीकडे कांदा. मागून त्यांचं पुटपुटणं चालू होतं: माती, चुनखडी, मुरूम, गेरू, पाषाण. माती, चुनखडी, मुरूम, गेरू, पाषाण. देवाचं नाव घेतात तसं. मी एकदाच म्हटलं, "सर, गप्प बसा." ते गप्प बसले आणि ते जास्त वाईट होतं. मग पुढची सगळी वाट मी कान देऊन होते, कुठून आवाज येतो का.

वस्तीवर एकच घर, पत्र्याचं, पुढे पडवी. पडवीतून धूर निघत होता.

चुलीपुढे आजी भाकरी थापत बसली होती. शीतल शेजारी गुडघ्यांवर हनुवटी टेकून, हातात चिमटा, समोर पाण्याची पातेली. आम्हाला बघून ती उठलीच.

"सर! अजून लाल न्हाई झाला. मघाच ठेवलाय."

दगड चुलीत, मागच्या अंगाला, दोन पेटत्या लाकडांच्या मधे. माझा पांढरा एक्केचाळीस उष्णतेनं पिवळा पडत चालला होता.

मी सगळं विसरले. पातेली उचलली आणि चुलीकडे धावले.

"पाणी नाही!" सर इतक्या जोरात ओरडले की आजीच्या हातातून भाकरी निसटली. "बाई, पाणी टाकायचं नाही. तापलेला आहे. तडकेल."

गृहपाठ त्यांनीच दिला होता. मी पातेली हातात धरून तशीच उभी राहिले.

मग त्यांचा आवाज एकदम बदलला. वर्गात असतो तसा झाला. "सहा परस, एक काम आहे. बाईंबरोबर रस्त्यापर्यंत जा. दोनशे पावलं मोजायची, मोठी. पळायचं नाही, मोजणी चुकते. आजीला बरोबर घे."

"आन दगूड?"

"दगड मी बघतो."

आजी मात्र हलली नाही. "तव्यावर भाकर हाय, सर. पोरगीच्या बापाला आज रातची लाईट हाय, पानी धरायला जायचंय. तुमी दगूड शिजवायला लावता आन मला भाकर सोडायला सांगता व्हय?"

"भाकर मी बघतो, आजी."

"तुमाला येती?"

"येते."

"खोटं."

"बघा तर." आणि सर चुलीपुढे बसले. बोटानं भाकरी तव्यावरच उलटली. बोट पोळलं असणार, पण त्यांनी ते तोंडात घातलं नाही. दगड त्यांच्या चेहऱ्यापासून हातभर होता. "जा आता. चार भाकरी करून आणतो."

आजी हसायला लागली. "ह्यो कसला मास्तर बाई," म्हणत कमरेवर हात ठेवून उठली. मी तिचा दंड धरला. तिला वाटलं मी आधार देतेय. मी तिला जवळजवळ ओढत नेत होते. शीतल मोठ्यानं मोजत होती. एकवीस, बावीस, तेवीस. मला मागे वळून बघायचं धाडस होईना आणि बघितल्याशिवाय राहवेना. सत्तेचाळीसला मी बघितलं. सर चुलीतली लाकडं काढत होते. एकेक, इतकी हळू, की जणू झोपलेल्या बाळाखालून दुपटं काढतायत. पेटतं टोक बाहेर आलं की ते पडवीच्या पलीकडे मातीत ठेवायचे. मग पुढचं. दगडाला हात लावला नाही.

दोनशे पावलं झाली. शीतल म्हणाली, "आता काय मोजू, मॅडम?"

मी म्हणाले, "सर येईपर्यंत मोज."

ती तीनशे एक्क्याऐंशीला होती तेव्हा सर वाटेवर दिसले. चालत येत होते, पण सरळ नाही. जवळ आल्यावर खाली मातीत बसले. त्यांच्या डाव्या हातात भाकरी होती, एका बाजूनं काळी झालेली. ती हातात आहे हे त्यांना माहीत नव्हतं. आजीनं ती काढून घेतली, बघितली आणि म्हणाली, "म्हनलं न्हवतं मी, न्हाई येत."

पोलीस साडेसातला आले. त्यांनी घर रिकामंच ठेवायला सांगितलं, कोणाला जवळ जाऊ दिलं नाही. सकाळी नगरहून माणसं आली, त्यांनी दगड लांब रानात नेला आणि उडवला. आवाज मी शाळेत ऐकला. पाच किलोमीटरवर. तावदानं हलली नाहीत, पण मी हातातला चहा तसाच खाली ठेवला.

पुढे चौकशी झाली. संस्थेची दोन माणसं आली, कार्यालयात बसली. दगड शाळेत कोणी तपासून घेतले, हा पहिला प्रश्न. माझ्यासमोर नोंदवही उघडी होती. शेऱ्याच्या रकान्यात माझ्या अक्षरात 'स्वच्छ केले' लिहिलेलं होतं. मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "मी तपासले. बाईंनी फक्त नंबर टाकले." वायरबद्दल फक्त तीन माणसांना माहीत होतं आणि मुकादमाला कोणी विचारलं नाही. मी गप्प बसले. मला दोन मुलं आहेत, कर्ज नाही, घर आहे, सगळं व्यवस्थित आहे, आणि तरी मी गप्प बसले. सरांना ताकीद मिळाली. शीतलचे वडील एकदा शाळेत आले. सरांसमोर उभे राहून म्हणाले, "पोरगी वाचली. दुसरं मला काय बोलायचं न्हाई." आणि गेले.

जूनमध्ये सरांनी स्वतःहून बदली मागून घेतली, राहात्याच्या बाजूच्या शाखेत. तिथे ते पुस्तक उघडून, खुर्चीत बसून शिकवतात असं ऐकते. मुलं शांत असतात म्हणे. बदलीच्या आधी, उन्हाळ्याच्या तोंडावर, नववीचा वर्ग सीनेकाठी गेला होता. ते सांगून संपवते.

दगड उडवला तिथला खड्डा बघायला चला, असा मुलांचा लकडा महिनाभर होता आणि सर टाळत होते. शेवटी शीतलनंच विचारलं, "सर, आमच्या रानात खड्डा, आन आमाला तुमी दाखवत न्हाई." तेव्हा ते तयार झाले. मीही गेले. रान मोकळं होतं, मधोमध मांडीएवढा खोल खड्डा. मुलं कडेनं जमली. सर दहा पावलं अलीकडेच थांबले. मला वाटलं, आता बोलतील. ते खिशात हात घालून उभे राहिले. खिसे सपाट होते.

शीतलनं ओढणी कमरेला बांधली आणि खड्ड्यात उडी मारली.

"सर! वर काळी, खाली पांढरी! चुनखडीचे खडे हायेत! आमच्याच रानात, आन मला म्हाईत न्हाई!"

"वर ये," सर म्हणाले.

"बगा तर, सर. याच्याखाली काय आसंल? हातभर उकरू का?"

असं कोणीतरी विचारावं म्हणून हा माणूस परात डोक्यावर घेऊन शाळेत यायचा. मी त्यांच्याकडे बघितलं. ते पांढरेफटक पडले होते.  

"वर ये आधी. बाळ, वर ये. सगळे मागे व्हा. मागे."

ती वर आली, मुठीत पांढरी माती घेऊन. सर केव्हाच वळून चालायला लागले होते. मुलं ओळीनं त्यांच्या मागे निघाली. फक्त शीतल पळत त्यांना गाठत होती. "सर, पण याच्याखाली काय आसंल? सर?" त्यांनी मागे बघितलं नाही. चालण्याचा वेग वाढवला.

ती माझ्यापाशी आली. मूठ उघडून दाखवली. मी म्हणाले, "मुरूम असेल, बाळा. चल लवकर."

"आसंल म्हंजे?" ती म्हणाली. "बगायला नको व्हय, मॅडम?"